कात्रीचा होकार

दर गुरुवारी दुपारी पेज खाऊन झाली की कोरन सूप मांडीवर ओढून घेई, भिजवलेली तेंदूची पानं फडक्याखालून काढी आणि मुलगा केव्हा तोंड उघडतो याची वाट पाहत बसे. मुलगा, म्हणजे अनंतन, खिडकीशेजारच्या उंच स्टुलावर बसलेला असे. कण्णूरच्या त्या गल्लीत, काथ्याच्या दुकानावरच्या माडीवर चौघं जण विड्या वळत आणि पाचवा त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. त्या मुलखात विडीवाल्यांची ही जुनीच रीत होती. हात कामात गुंतलेले असले तरी कान मोकळे असतात. त्या मोकळ्या कानांसाठी एकाने वाचायचं आणि त्याच्या वाटच्या विड्या बाकीच्यांनी वळायच्या. संध्याकाळी उठताना प्रत्येक जण आपल्या सुपातल्या चार जुड्या स्टुलाखालच्या टोपलीत टाकी. ती टोपली वाचणाऱ्याची.

कोरनला स्वतःला अक्षर येत नव्हतं. शिवाय अनंतन चार वर्षांचा होईपर्यंत एक शब्दही बोलला नव्हता. पोर मुकं निघालं असं गावाने धरूनच टाकलं होतं; वैद्य झाले, नवस झाले, शेजारी बसून विड्या वळणाऱ्या मम्मदच्या सांगण्यावरून दर्ग्यातला दोरासुद्धा झाला. मग एका सकाळी कोरन विहिरीच्या काठावर चूळ भरत असताना पोराने मागून "अच्छन", म्हणजे बाबा, अशी हाक मारली, आणि बापाच्या हातातला तांब्या विहिरीत गेला. तो तांब्या कोरनने पुन्हा कधी काढला नाही. त्या गोष्टीला अठरा वर्षं झाली होती, बायकोही वारली होती, आणि आता त्याच पोराचा आवाज ऐकायला खालून जाणारी माणसं जिन्यावर घटकाभर थांबत. कोरनला आणखी काही नको होतं. आपला मुलगा वाचतो, एवढं त्याला पुरत होतं.

बुद्धिबळाचा डाव नदीपलीकडच्या हातमागवाल्यांशी चालला होता. त्यांनीही विणता विणता खेळायचं आणि यांनीही वळता वळता. दर गुरुवारी एक पोस्टकार्ड, एका कार्डात एक चाल आणि उरलेल्या जागेत थोडी खोडी. पट चौघांच्या मधोमध एका खोक्यावर मांडून ठेवलेला असे. सुरुवातीला पाच तोंडं एकदम बोलायची आणि दुपारभर नुसता गलका व्हायचा, म्हणून अनंतनने एक नियम घालून दिला. प्रत्येकाने एकेका सोंगटीच्या वतीने बोलायचं. मम्मदकडे दोन्ही उंट, नाणूकडे दोन्ही हत्ती, कोरनकडे घोडे आणि अनंतनकडे वजीर. ज्याच्या सगळ्या सोंगट्या मेल्या त्याने डाव संपेपर्यंत चालीवर बोलायचं नाही, फक्त चाल पटली तर कात्री वाजवायची. हात तर कोणाचेच मोकळे नसत, तेव्हा होकार द्यायचा तो पानं कापायची कात्री सुपाच्या पत्र्याच्या काठावर एकदा ठोकून. नकार असेल तर कात्री पडून राहू द्यायची.

राजा आणि प्यादी पोक्कनकडे होती. तो हसून म्हणाला होता, "राजाला कोणी मारत नाही. तेव्हा माझं तोंड बंद होईल ही आशा सोडा."

दीड वर्ष डाव मजेत चालला. मग आषाढ सरता सरता मम्मदचा दुसरा उंट कोंडीत सापडला. उंट सोडला तर नाणूचा हत्ती वाचत होता. मम्मद त्या चौघांत वयाने मोठा, लांब दाढीचा, घोगऱ्या आवाजाचा. वळता वळता लग्नातली गाणी म्हणायची त्याला सवय होती आणि चाल सुचेनाशी झाली की तो हमखास गाणं सुरू करी.

"घ्या रे माझा उंट," तो म्हणाला. "म्हातारा झालाय. आता तुम्ही भांडा, मी गप्प बसतो."

चार कात्र्या वाजल्या, त्यांत त्याची स्वतःचीही होती. अनंतनला काम नसताना हातात धरायला एक जुनी कात्री दिलेली होती, ती धरून पाच.

पुढच्या आठवड्यात विणकरांनी उंट घेतल्याचं कार्ड आलं. दुसऱ्या दिवशी मम्मद आला, नेहमीच्या जागी बसला, विड्या वळू लागला. गाणं मात्र नाही. कोरनला वाटलं, म्हातारा नियमाचा फारच मान ठेवतोय. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना.

"मम्मदिक्का, चालीवर बोलू नका म्हटलंय. गाण्याला कोणी बंदी घातली?"

मम्मदने त्याच्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. पोक्कनने विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता हात थांबवला. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचा मिस्कीलपणा नव्हता.

"कोरेट्टा," तो कोरनला हलक्या आवाजात म्हणाला, "मुक्या माणसाची अशी चेष्टा करू नये. तुम्हाला शोभत नाही."

नाणू मान हलवत राहिला. अनंतनने पान उलटलं आणि भाताच्या भावाची बातमी वाचायला घेतली. कोरनला आधी हसू आलं, मग ते हसू तोंडावरच राहून गेलं, कारण बाकी कोणीच हसत नव्हतं.

रविवारी तो मम्मदच्या घरी गेला. मम्मद अंगणात जाळं विणत बसला होता. पाहुणा दिसताच त्याने उठून चटई अंथरली. त्याच्या बायकोने, पात्तुम्माने, काळा चहा आणून ठेवला. कोरनने आडून आडून विचारलं, मम्मदिक्कांचा घसा बसलाय का?

"घसा?" ती म्हणाली. "तुम्ही आज असं काय विचारताय? निकाहाच्या दिवशी यांनी तीनदा मान हलवून कबूल केलं. तेव्हा तुम्हीच तर यांच्या शेजारी बसला होतात."

कोरन शेजारी बसला होता हे खरंच होतं. पण तीनदा घुमलेला तो घोगरा 'कबूल' त्याच्या कानात अजून होता. मांडवातली पोरंसोरं त्या आवाजाला हसली होती, हेही त्याला आठवत होतं. मम्मद जाळ्याच्या गाठी मारत बसून राहिला. कोरन निघाला तसा तो फाटकापर्यंत आला आणि त्याने कोरनचा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. मग सोडला.

त्या संध्याकाळी कोरनने मुलाला विचारलं, "तुला मम्मदिक्काचं गाणं आठवतं का रे?"

अनंतनने बापाच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. "अच्छन, अंगात कणकण आहे का? उद्या घरीच राहा."

आपलंच डोकं फिरलं असेल, असं कोरनने मनाला समजावलं. पन्नाशी उलटली, तंबाखूची धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात जाते, माणसाला भास व्हायचेच. बरेच दिवस त्याने तसं धरून चालवलं. मग विणकरांच्या कार्डातून नाणूचा दुसरा हत्तीही गेला. त्यात कोणाच्या संमतीचा प्रश्नच नव्हता, चाल त्यांची होती. नाणू म्हणजे तोंडाळ माणूस. कारखान्याच्या मुकादमापासून पावसापर्यंत सगळ्यांना शिव्या घालणारा. कार्ड ऐकून त्याने विणकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शेवटी "गेला माझा हत्ती" असं म्हणून थुंकला. दुसऱ्या दिवशी तो जिना चढून वर आला तेव्हा कोरनने त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि कोणालाही काही विचारलं नाही. पोक्कन मात्र सहज बोलून गेला, "देवाने आपल्या माडीवर दोन मुके दिले, म्हणून तरी जरा शांतता आहे."

कोरनला एकच दिसत होतं. आता बोलणारे तिघंच उरले होते.

पुढच्या गुरुवारी वर्तमानपत्र संपवून अनंतन स्टुलावरून उतरला आणि पटाशी उकिडवा बसला. त्याचे डोळे चमकत होते.

"वजीर देऊन टाकू," तो म्हणाला. "त्यांच्या राजासमोर नेऊन उभा करायचा. घेतल्याशिवाय त्यांना गत्यंतर नाही, आणि घेतला की पुढच्या तीन चालींत मात. मी रात्रभर मांडून पाहिलंय."

पोक्कनने मांडीवर थाप मारली. "शाबास रे पोरा! दोन वर्षं विणकरांनी आपली टर उडवली. आता बसतील सूत कुरतडत." आणि त्याने कात्री उचलली.

"थांब," कोरन म्हणाला. आपला आवाज एवढा मोठा निघेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. "वजीर द्यायचा नाही."

"का?"

याचं उत्तर कोरनकडे होतं आणि ते देता येण्यासारखं नव्हतं. "डावच सोडून देऊ," तो म्हणाला. "हरलो म्हणून कळवू. खेळच तो. ज्यांना मान्य असेल त्यांनी कात्री वाजवा." त्याने स्वतःची वाजवली. माडीवर दुसरा आवाज झाला नाही. मम्मद आणि नाणू त्याच्याकडे टक लावून पाहत होते, पण त्यांच्या कात्र्याही सुपातच होत्या. जिंकत आलेला डाव सोडायला कोण तयार होणार? की ते दोघं नुसत्या कात्र्यांनी सांगता न येणारं काही सांगू पाहत होते, याचा विचार कोरनला नंतर पुष्कळ पुरला.

"अच्छन, जिंकतोय आपण," अनंतन समजुतीच्या सुरात म्हणाला.

तेव्हा कोरनने पटाकडे पाहिलं. त्याचा एकच घोडा उरला होता, पटाच्या मध्यावर. घोडा विणकरांच्या प्याद्यांत उडी घेऊ शकत होता. तिथे त्यांना तो फुकट मिळाला असता, आणि तो घ्यायच्या नादात त्यांचं वजिराकडे लक्ष जाणार नव्हतं. एक आठवडा मिळाला असता, कदाचित अनेक. आपलं तोंड बंद होईल, होऊ दे. आपल्याला काय वाचायचं असतं? एवढं एक ठरलं आणि कोरनला किती दिवसांनी छातीत मोकळं वाटलं.

"वजीर नको. घोडा द्या," तो म्हणाला. "माझी सोंगटी आहे, मी देतो. वजिराने मात नंतरही करता येईल."

पोक्कन कुरकुरला, पण घोडा ज्याचा त्याचा शब्द मोठा, हाही नियमच होता. त्याने नाइलाजाने कात्री ठोकली. अनंतनने बराच वेळ पटाकडे पाहिलं, मग बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे त्याला काय दिसलं कोण जाणे, त्याने मान खाली घातली आणि आपली जुनी कात्री एकदा वाजवली.

आणि तेवढ्यात मम्मदने कात्री वाजवायला सुरुवात केली. एकदा वाजवून तो थांबला नाही. दोनदा, तीनदा, दहादा, पत्र्याच्या काठाला पोचे पडावेत इतक्या जोरात तो ठोकत सुटला. मांडीवरचं सूप कलंडलं, तंबाखू चटईवर सांडली, तरी त्याचा हात थांबेना. नाणूही ठोकू लागला. दोघांचे डोळे कोरनवर खिळलेले होते.

"बघा, मुक्यांना चाल भलतीच पसंत पडली," पोक्कन म्हणाला.

कोरनचे डोळे भरून आले. या दोघांना तरी कळलंय, त्याला वाटलं, आपण कशासाठी हे करतोय ते या दोघांना कळलंय. त्याने दोघांनाही हात जोडले. मम्मदची कात्री हातातून गळून पडली. अनंतनने कार्ड लिहिलं आणि कोरन ते स्वतःच्या हाताने पेटीत टाकून आला.

तो आठवडा कोरनने मुलाला सुखाने श्वास घेऊ दिला नाही. संध्याकाळी घरी परतल्यावर हे वाच, ते वाच. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, साबणाचं वेष्टन, भिंतीवरून सुटून आलेली नाटकाची जाहिरात, आईच्या जुन्या पेटीच्या तळाशी अंथरलेला दहा वर्षांपूर्वीचा कागद. अनंतन हसत हसत सगळं वाचून दाखवी. "अच्छन, कुठे परदेशी चाललात की काय?" असंही एकदा त्याने विचारलं. कोरन डोळे मिटून ऐकत राही. आपल्याला पुढे बोलता येणार नाही याची त्याला भीती नव्हती. ऐकता तर येणारच होतं.

गुरुवारी कार्ड आलं. अनंतन स्टुलावर बसला, त्याने चष्मा पुसला आणि रीतीप्रमाणे आधी विणकरांची खोडी वाचली: विडीवाल्यांचा घोडा धुराने आंधळा झालेला दिसतो. पोक्कन खदखदून हसला. कोरनने आपला हात आपल्याच गळ्यावर ठेवला आणि वाट पाहिली.

"घोडा तुमच्याकडेच ठेवा," अनंतन वाचत होता. "तो वाटेतून बाजूला झाला, आभारी आहोत. आमच्या उंटाने..."

कोरनने पटाकडे पाहिलं. लांबच्या कोपऱ्यात विणकरांचा उंट उभा होता. डावाच्या सुरुवातीलाच तो तिथे येऊन बसला होता, इतके दिवस की नजरेला तो दिसेनासाच झाला होता. त्याची तिरकी वाट कोपऱ्यातून निघून थेट अनंतनच्या वजिरापर्यंत येत होती, आणि त्या वाटेवर मध्ये गेल्या गुरुवारपर्यंत फक्त एक घोडा उभा होता. कोरनचा.

"...तुमचा व..."

पुढचा शब्द आला नाही. कोरन पटावरून मान वर करायला धजला नाही. पानं कापल्याचा कुरकुर आवाज चालू होता, खाली काथ्यावाला कोणाशी तरी भावावरून घासाघीस करत होता.

"कोरेट्टा," पोक्कन म्हणाला, "ते कार्ड पोराच्या हातात कशाला दिलंत? त्याला उगाच वाईट वाटतं. पोस्टमन परत जाताना वाचून दाखवील, दर वेळी दाखवतो तसं."

अनंतन खाली चटईवर बसलेला होता. त्याच्या मांडीवर सूप होतं आणि तो विड्या वळत होता, पटापट, न बघता, लहानपणापासून तेच केल्यासारखा. अंगठ्याचं नख झिजलेलं होतं आणि बोटांची टोकं तंबाखूने पिवळी पडली होती; तो पिवळेपणा एका दिवसाचा नव्हता. स्टुलावर पाण्याचा माठ ठेवलेला होता. माठाच्या बुडाचं वर्तुळ लाकडात खोल उमटलं होतं. स्टुलाखाली टोपली नव्हती.

"पेपर," कोरन कसाबसा म्हणाला. "पेपर कोण वाचणार?"

"पेपर?" पोक्कनने आश्चर्याने विचारलं. "आपल्यात अक्षर कोणाला येतं?"

संध्याकाळी उठताना कोरनने सवयीने चार जुड्या उचलल्या. त्या कुठे टाकायच्या ते न कळून तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

पुन्हा गुरुवार आला. पेज झाली. पोक्कन पटाशी सरकला आणि हात चोळत म्हणाला, "चला, दोन तोंडं उरली, भांडण कमी. माझा राजा इथे, तुमचा घोडा तिथे. बोला."

कोरन बोलला, पण चालीबद्दल नाही. आठ दिवस ओठांशी येऊन परत जात असलेलं वाक्य त्याने तिथे, सगळ्यांसमोर म्हणून टाकलं.

"माझा अनंतन या स्टुलावर बसून वाचत असे. मम्मदिक्का गात असत. नाणू शिव्या देत असे. ज्यांना आठवत असेल त्यांनी कात्री वाजवा."

पोक्कन काही बोलणार तोच मम्मदची कात्री वाजली. एकदाच. मग नाणूची वाजली. मग, थोडं थांबून, अनंतनची.

कोरनच्या घशातून हुंदका फुटला. पोक्कनने हळहळत मान हलवली.

"अहो कोरेट्टा, मुक्यांचं काय धरून बसता! त्यांना विचारलं की ते वाजवतातच. परवा तुम्ही घोडा हलवलात तेव्हा किती वाजवत होते, आठवतं ना? उगाच जिवाला लावून घेऊ नका. बोला, घोडा कुठे नेता?"

विणकरांचा हत्ती घोड्यावर रोखून उभा होता. घोडा मागे घेता येत होता, किंवा होता तिथेच ठेवून मरू देता येत होता. एकदा मेला की कोरनही त्या तिघांच्या बाजूला जाऊन बसला असता, जिथे सगळ्यांना सगळं आठवत होतं. आणि मग हे कधी बोलून दाखवायला पोक्कनखेरीज कोणी उरलं नसतं. कोरनने घोड्यावर बोट ठेवलं आणि मुलाकडे पाहिलं.

तिघांनीही आपापल्या कात्र्या उचलून धरल्या होत्या, आणि त्या सुपाच्या काठापासून बोटभर वर, त्याच्या शब्दाची वाट पाहत, थांबल्या होत्या.